साठी-सत्तरीतल्या मैत्रिणींनी एकमेकींना आधार नेमका कसा द्यावा?

प्राजक्त (प्रश्न)

नमस्कार. आमचा 65 ते 75 या वयातल्या मैत्रिणींचा एक लहानसा गट आहे. नोकरी, संसार आणि मुलांची शिक्षणे यांच्या धावपळीत जुळलेली ही मैत्री आता अशा टप्प्यावर आली आहे की, प्रत्येकीपुढे काही ना काही कठीण उभे आहे. एकीच्या पतींना स्मृतिभ्रंश झाला असून त्यांची सगळी शुश्रूषा ती एकटी करते. दुसरीच्या खुब्याचे हाड मोडले होते; शस्त्रक्रिया व्यवस्थित पार पडली, तरी पुन्हा पडण्याच्या भीतीने ती घराबाहेर पाऊल टाकत नाही. तिसरीचे मुलाशी आणि सुनेशी बोलणे जवळजवळ बंद आहे आणि नातवंडे भेटत नाहीत याचे दुःख ती दर भेटीत सांगते. चौथी अलीकडे भेटायला येणेच टाळते आणि विचारले तर काहीतरी किरकोळ कारण सांगते.

आम्हा सगळ्यांची एकमेकींवर मनापासून माया आहे, परंतु आमच्या भेटी आता सल्ल्यांच्या बैठका झाल्या आहेत. कोणी आपल्याला लागू पडलेले औषध सुचवते, कोणी मुलांना कसे वागवावे हे समजावते, आणि ज्या मैत्रिणीविषयी बोलणे चालते ती हळूहळू गप्प होते. शुश्रूषा करणारी मैत्रीण तर "माझे ठीक चालले आहे" यापलीकडे काही बोलत नाही. तिची प्रकृती ढासळत आहे हे आम्हांला दिसते. तिच्या परगावी राहणाऱ्या मुलांना आम्ही कळवावे का, हा माझ्यापुढचा सर्वांत अवघड प्रश्न आहे. ज्यांनी असा आधार दिला आहे किंवा घेतला आहे, त्यांनी कृपया अनुभव आणि माहिती सांगावी.

निशिगंध

प्राजक्तताई, मी अनेक वर्षे रुग्णालयात परिचारिका म्हणून काम करून निवृत्त झाले आहे. आपल्या पहिल्या मैत्रिणीपासून सुरुवात करते, कारण मला तिची काळजी सर्वांत जास्त वाटते.

स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाची शुश्रूषा करणाऱ्या पत्नीचे स्वतःचे आजारपण बहुधा कोणाच्या नजरेला येत नाही. रात्री पती उठून फिरू लागतात म्हणून तिची झोप मोडते, त्यांना एकटे सोडता येत नाही म्हणून तिच्या स्वतःच्या तपासण्या लांबणीवर पडतात, आणि त्यांना उठवता-बसवताना तिच्या पाठीला व गुडघ्यांना इजा होते. 1999 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वृद्ध जोडीदाराची शुश्रूषा करणाऱ्यांची चार वर्षे पाहणी केली होती. ज्यांना शुश्रूषेचा ताण जाणवत होता, त्यांच्यातील मृत्यूचा धोका शुश्रूषा न करणाऱ्या समवयस्कांपेक्षा 63 टक्क्यांनी अधिक आढळला. जे शुश्रूषा करत होते पण ज्यांना तसा ताण नव्हता, त्यांच्यात ही वाढ दिसली नाही. म्हणजे घातक ठरतो तो ताण, आणि तो कमी करण्याच्या कामी मैत्रिणींना खरोखर काही करता येते.

"काही लागले तर सांग" हे वाक्य आपण सगळ्याच प्रेमाने म्हणतो, परंतु थकलेल्या माणसाला काय लागते हे ठरवण्याचीही ताकद उरलेली नसते. त्याऐवजी "मंगळवारी चार ते सहा मी भाऊंजवळ बसते, तू तुझ्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन ये" असे दिवस, वेळ आणि काम ठरवून सांगावे. तिने एकदा नकार दिला तर वाद घालू नये आणि पुढच्या आठवड्यात तेच पुन्हा विचारावे. सुरुवातीला ती घरात असतानाच तुमच्यापैकी कोणी तिच्या पतींबरोबर बसावे, म्हणजे ते त्या व्यक्तीला सरावतात आणि तिलाही विश्वास वाटतो. अनोळखी चेहऱ्याला एकदम स्वीकारणे अशा रुग्णाला जमत नाही, आणि पहिल्याच दिवशी ते अस्वस्थ झाले की पत्नी पुन्हा कधी बाहेर पडत नाही. मी हे फार घरांत पाहिले आहे.

एक गोष्ट तुम्ही सगळ्यांनी लक्षात ठेवावी. स्मृतिभ्रंश महिन्या-वर्षांच्या गतीने वाढतो. तिच्या पतींचा गोंधळ तासा-दोन तासांत किंवा एक-दोन दिवसांत अचानक वाढला, तर "आजार वाढला" असे समजून गप्प बसू नये. मूत्रमार्गाचा किंवा फुप्फुसांचा संसर्ग, शरीरातील पाणी कमी होणे, नवीन सुरू केलेले एखादे औषध, बद्धकोष्ठता अशी उपचार होऊ शकणारी कारणे त्यामागे असू शकतात आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे लागते.

औषधांविषयी मात्र मी कठोरपणे सांगते. मैत्रिणीला लागू पडलेली गोळी दुसरीने घेऊ नये, विशेषतः झोपेची. या वयात झोपेच्या कित्येक गोळ्यांनी तोल जातो आणि गोंधळ वाढतो. ज्येष्ठांना शक्यतो देऊ नयेत अशा औषधांची एक यादी वैद्यकशास्त्रात 1991 पासून वापरात आहे आणि वेळोवेळी सुधारली जाते. झोपेच्या गोळ्यांचा एक मोठा गट त्या यादीत आहे. सल्ला देण्याऐवजी मैत्रिणीबरोबर डॉक्टरांकडे जावे. जाण्यापूर्वी ती घेत असलेली सगळी औषधे, काढे आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्यासुद्धा, एका कागदावर लिहाव्यात आणि विचारायचे प्रश्न आधी ठरवावेत. डॉक्टर बोलत असतात तेव्हा घाबरलेल्या रुग्णाच्या कानांवर निम्मेच शब्द पडतात. बरोबरच्या मैत्रिणीने ते लिहून घेतले तर घरी आल्यावर शांतपणे वाचता येतात.

आणखी दोन खुणा आपल्या गटात सर्वांना माहीत असाव्यात. पाळी पूर्ण बंद होऊन वर्ष उलटल्यानंतर थोडासाही रक्तस्राव झाला तर तो तपासून घ्यावा. बहुतेकदा कारण साधे निघते, पण गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग असणाऱ्या दहापैकी जवळजवळ नऊ स्त्रियांमध्ये हेच लक्षण असते, आणि तो लवकर सापडला तर बरा होण्याची शक्यता चांगली असते. दुसरे म्हणजे स्त्रियांच्या हृदयविकाराच्या झटक्यात बहुतेकदा छातीत दुखते, पण त्याबरोबर, आणि कधी त्याऐवजी, धाप, मळमळ, जबड्यात किंवा पाठीत कळ आणि अनाकलनीय थकवा येतो. "पित्त झाले असेल, थोडी पड" असे मायेने सांगणाऱ्या मैत्रिणीमुळे मौल्यवान वेळ जातो.

बकुळ

मी वयाने तुमच्याच पिढीची आहे आणि माझ्या पतींच्या शेवटच्या आजारात मैत्रिणींच्या आधारावर उभी राहिले. म्हणून घेणाऱ्या बाजूने लिहिते.

"माझे ठीक चालले आहे" असे मीही म्हणत असे. त्यामागे खोटेपणा नव्हता. एकदा बोलायला लागले तर आवरता येणार नाही आणि आवरले नाही तर संध्याकाळची औषधे कोण देणार, अशी ती धास्ती होती. त्यामुळे तुमची मैत्रीण बोलत नसेल तर तिला बोलते करण्याच्या मागे लागू नका. माझी एक मैत्रीण नुसती येऊन बसायची, कपड्यांच्या घड्या करायची आणि बाहेरच्या जगातल्या गोष्टी सांगायची. आजाराचा उल्लेख ती स्वतःहून करत नसे. त्या वेळात मी पुन्हा पूर्वीची मी होत असे. पुष्कळ दिवसांनी तिच्यापाशीच मी बोलले, कारण तिने कधी विचारले नव्हते.

सर्वांत जास्त त्रास झाला तो "तू किती सोसतेस" या कौतुकाचा. असे म्हटले की आपल्याला रागावण्याची, कंटाळण्याची, कधी कधी "हे संपावे" असे वाटण्याची मोकळीक उरत नाही. हे विचार दीर्घ शुश्रूषा करणाऱ्या जवळजवळ प्रत्येकीच्या मनात येतात आणि त्यांची फार लाज वाटते. ते ऐकून ज्या मैत्रिणीच्या चेहऱ्यावर धक्का उमटत नाही, ती खरी उपयोगाची.

मुलांना कळवण्याविषयी माझे मत स्पष्ट आहे. तिच्या अपरोक्ष कळवू नये. आपली मुले आणि आपण यांच्यामध्ये काय बोलायचे हे ठरवण्याचा हक्क तिचा आहे, आणि तो हक्क मैत्रिणींनीच काढून घेतला तर तिच्याकडे विश्वासाची एकही जागा उरणार नाही. तिला सांगा की "आम्हांला तुझी काळजी वाटते, मुलांना सांगावेसे वाटते, तू सांगशील का, की आपण दोघी मिळून फोन करू?" बऱ्याच आया मुलांना सांगत नाहीत, कारण त्यांना मुलांचे उत्तर ऐकायची भीती वाटते. मैत्रीण शेजारी बसलेली असेल तर ती भीती थोडी कमी होते.

मुलाशी अबोला असलेल्या मैत्रिणीविषयी एवढेच म्हणेन की, तिची बाजू घेताना तिच्या सुनेविषयी वाईट बोलू नये. उद्या त्यांचे जुळले, आणि जुळावे अशीच आपली इच्छा आहे, तर आपण बोललेले शब्द तिच्या लक्षात राहतात आणि ती आपल्यालाच टाळू लागते. तिचे दुःख पुन्हा पुन्हा ऐकावे लागते हे खरे आहे. तरीही प्रत्येक वेळी तोडगा सुचवायची गरज नसते. नातवंडांना वाढदिवसाला पत्र लिहिणे, उत्तराची अपेक्षा न ठेवता मुलाला खुशाली कळवत राहणे अशी दार उघडे ठेवणारी लहान पावले तिला स्वतःला सुचली, तर त्यांत सोबत करावी.

अबोली

वरचे दोन्ही प्रतिसाद मोलाचे आहेत, पण मुलांना कळवण्याबाबत बकुळताईंशी मी पूर्ण सहमत नाही. मी समाजकार्याच्या क्षेत्रात ज्येष्ठांसाठी काम केले आहे, त्यावरून लिहिते.

सर्वसाधारण परिस्थितीत तिची संमती हवीच. परंतु तीन प्रसंगांत संमतीसाठी थांबू नये: जीव धोक्यात असेल, ती स्वतःला संपवण्याविषयी बोलत असेल, किंवा घरात कोणी तिला मारहाण करत असेल, उपाशी ठेवत असेल, तिचे पैसे बळकावत असेल. यांतला शेवटचा प्रसंग आपल्याला वाटतो तितका विरळ नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 60 वर्षांवरील सहापैकी सुमारे एका व्यक्तीला वर्षभरात कोणत्या ना कोणत्या स्वरूपाच्या दुर्व्यवहाराला तोंड द्यावे लागते, आणि तो करणारे पुष्कळदा घरचेच असतात. म्हणून अशा वेळी कोणत्या नातेवाइकाला कळवावे याचाही विचार करावा लागतो; डॉक्टर, समाजसेवक किंवा ज्येष्ठांसाठीची मदतवाहिनी यांच्याशी आधी बोलणे अधिक सुरक्षित असते. स्मृतिभ्रंशाचे रुग्णही कधी कधी आक्रमक होतात. त्यात दोष कोणाचाच नसतो, पण पत्नीच्या दंडावर वारंवार वळ दिसत असतील तर ते बोलायचे की नाही हे केवळ तिच्या संकोचावर सोडता येत नाही.

आपला दुसरा मुद्दा, भेटींच्या बैठका होण्याचा, मला तितकाच महत्त्वाचा वाटतो. येथे झिम्बाब्वेतील एक उदाहरण सांगते. त्या देशात मनोविकारतज्ज्ञ फारच थोडे आहेत. डिक्सन चिबांडा या मनोविकारतज्ज्ञांनी 2006 साली हरारे शहरात 14 आजींना हाताशी घेऊन एक उपक्रम सुरू केला. आरोग्य केंद्राच्या आवारात लाकडी बाकावर एक प्रशिक्षित आजी बसते आणि मनाने खचलेली व्यक्ती तिच्याजवळ येऊन बोलते. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत 24 आरोग्य केंद्रांतील 573 जण सहभागी होते. सहा महिन्यांनंतर नेहमीचे उपचार मिळालेल्यांपैकी सुमारे निम्म्यांमध्ये नैराश्याची लक्षणे शिल्लक होती, तर आजींजवळ बसलेल्यांमध्ये हे प्रमाण 14 टक्क्यांच्या आसपास होते.

या आजी काय करतात हे समजून घेण्यासारखे आहे, कारण त्या सल्ला देत नाहीत. त्या आधी सगळ्या अडचणी ऐकून घेतात. मग बोलणाऱ्या व्यक्तीलाच त्यांतली एक अडचण निवडायला सांगतात आणि त्या एका अडचणीवर पुढच्या भेटीपर्यंत काय करता येईल हे तिच्याच तोंडून काढतात. पुढच्या वेळी ते झाले का, नसेल तर मध्ये काय आले, एवढेच विचारतात. पद्धत साधी दिसते, पण तिला शिक्षण आणि सराव लागतो, आणि गंभीर रुग्णाला पुढे तज्ज्ञाकडे पाठवण्याची सोयही तेथे असते. आपल्या गटाला तेवढे करण्याची गरज नाही. तरीही "मी तुझ्या जागी असते तर" हे शब्द बाजूला ठेवून "तुला यातले आधी काय सुटावेसे वाटते?" असे विचारले, तर भेटींचे स्वरूप बदलेल असे मला अनुभवाने वाटते.

भेटीतले थोडे तास आजार आणि मुले हे दोन्ही विषय सोडून वापरावेत, हेही सुचवते. एकत्र चालणे, वाचणे, गाणे, काहीही. ज्या गटात केवळ दुःख वाटले जाते, तेथे बरे असलेल्या मैत्रिणीला येण्याचे कारण उरत नाही आणि ती मनात अपराधी भाव घेऊन दूर होते.

सोनचाफा

मी अविवाहित असून एकटी राहते, त्यामुळे मैत्रिणींचा आधार माझ्यासाठी रोजच्या जगण्याचा भाग आहे. आमच्यात ठरलेली पद्धत सांगते. प्रत्येकजण सकाळी ठरावीक वेळेपर्यंत मोबाइलवर एक छोटा संदेश टाकते. जिचा संदेश आला नाही तिला फोन केला जातो, फोन उचलला नाही तर सर्वांत जवळ राहणारी तिच्या घरी जाते, आणि तिच्याकडे दुसरी किल्ली असते. पडल्यावर उठता न आल्याने अनेक तास जमिनीवर पडून राहणे हे पडण्याइतकेच घातक असते. त्वचेवर जखमा होतात, स्नायूंना इजा पोहोचून मूत्रपिंडांवर परिणाम होतो, शरीर गार पडते. एकट्या राहणाऱ्या स्त्रीला याची भीती सतत असते आणि या एका संदेशाने ती पुष्कळ हलकी होते.

प्रत्येकीने आपली औषधे, रक्तगट, डॉक्टरांचा क्रमांक आणि "मी बेशुद्ध असेन तर कोणाला कळवावे" हे लिहून दुसऱ्या एका मैत्रिणीकडे बंद पाकिटात दिले आहे. प्राजक्तताई, मुलांना कळवण्याचा आपला पेच यातून थोडा सुटू शकेल. संकट येण्याआधी, सगळ्या शांत असताना, "माझ्याविषयी कोणाला, केव्हा सांगावे" हे प्रत्येकीनेच लिहून दिले तर नंतर अंदाज बांधावा लागत नाही. सगळ्यांनी एकाच वेळी लिहावे, म्हणजे एकीलाच वेगळे पाडल्यासारखे होत नाही.

खुब्याची शस्त्रक्रिया झालेल्या मैत्रिणीविषयी: पडण्याच्या भीतीने हालचाल थांबवली की पायांचे स्नायू आणखी दुबळे होतात आणि पडण्याचा धोका उलट वाढतो. तोल सांभाळण्याच्या आणि पायांची ताकद वाढवण्याच्या व्यायामाने ज्येष्ठांच्या पडण्याचे प्रमाण जवळजवळ एक चतुर्थांशाने कमी होते, असे शंभराहून अधिक चाचण्यांच्या 2019 मधील एकत्रित आढाव्यात दिसले आहे. व्यायाम कोणता हे फिजिओथेरपिस्टने ठरवावे. तो तिच्याबरोबर करणे हे मैत्रिणींचे काम. माझ्या ओळखीच्या एकीने खुर्चीतून उठण्या-बसण्याचा व्यायाम व्हिडिओ कॉलवर मैत्रिणींबरोबर केला, मग दारापर्यंत, मग रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंत दोघींच्या मधोमध चालली. घाई कोणीही केली नाही. त्याचबरोबर हाडांची घनता तपासली आहे का आणि ठिसूळपणावर औषध सुरू आहे का, हे तिला आवर्जून विचारा, कारण हाड जोडले की हा भाग विसरला जातो.

प्राजक्त

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिले त्याबद्दल मनापासून आभार. पाकिटाची कल्पना मी येत्या भेटीत मांडणार आहे आणि शुश्रूषा करणाऱ्या मैत्रिणीला वार व वेळ ठरवून विचारणार आहे. अबोलीताईंनी सांगितलेले तीन प्रसंगही आम्ही सगळ्या मिळून बोलून ठेवू. एक शंका राहते. भेटायला येणे टाळणाऱ्या चौथ्या मैत्रिणीविषयी कोणी विशेष लिहिले नाही. तिचे घरी सर्व ठीक आहे असे वाटते. ती रागावली आहे असेही दिसत नाही.

निशिगंध

प्राजक्तताई, तिच्याविषयी लिहायचे माझ्याकडून राहिले होते. खात्रीने काही सांगता येणार नाही, पण या वयात स्त्रिया कारण न देता भेटी टाळू लागतात तेव्हा मी दोन गोष्टींचा विचार आधी करते: ऐकू कमी येणे आणि लघवीवर ताबा न राहणे. दोन्हींविषयी बोलण्याचा संकोच वाटतो आणि दोन्हींवर उपाय असतात.

ऐकू कमी येणाऱ्या व्यक्तीला दोघींमधले संभाषण जमते, पण चौघी एकदम बोलू लागल्या की काही समजत नाही आणि हसायचे कधी हेही कळत नाही. ती फोनवर किंवा एकटीला भेटल्यावर पूर्वीसारखीच मोकळी बोलत असेल, तर ही शक्यता अधिक. श्रवणतपासणी लवकर व्हावी; श्रवणदोष हा स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणाऱ्या आणि तरीही ज्यावर काही करता येते अशा कारणांत गणला जातो.

दुसरी अडचण असेल तर ती लांबचा प्रवास, मोठ्या बैठका आणि हसणे-खोकणे टाळू लागते, पाणी कमी पिते. कटितळाच्या, म्हणजे लघवी रोखून धरणाऱ्या, स्नायूंचे व्यायाम तज्ज्ञाकडून नीट शिकून सुमारे तीन महिने नियमित केले तर अनेकींना चांगला फरक पडतो, आणि पुढचे उपचारही उपलब्ध आहेत. "वय झाले, चालायचेच" असे समजून वर्षानुवर्षे सोसण्याचे काहीच कारण नाही.

तिला गटासमोर विचारू नका. तुम्ही एकटीने भेटा आणि तुमच्या स्वतःच्या प्रकृतीतली एखादी संकोचाची गोष्ट आधी सांगा. पुढचे बोलायचे की नाही हे तिच्यावर सोडा. ती बोलली नाही तरी पुढच्या भेटीसाठी शांत जागा निवडा, स्वच्छतागृह जवळ असू द्या, तिला भिंतीकडे पाठ करून आणि सगळ्यांचे चेहरे दिसतील अशी बसवा, आणि एका वेळी एकीनेच बोलायचे असे ठरवा. हे सगळे कारण न सांगता करता येते.